पीएसएटीत 1430, घर न्यू जर्सीत: शिष्यवृत्तीसाठी नेमके किती गुण लागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी न्यू जर्सीत दहावीत शिकते. ऑक्टोबरमध्ये शाळेत पीएसएटी (एसएटी या कॉलेजप्रवेश परीक्षेची पूर्वपरीक्षा) दिली, त्यात 1520 पैकी 1430 पडले: वाचन-लेखनात 680, गणितात 750. एवढ्यावर नॅशनल मेरिट, म्हणजे पीएसएटीच्या गुणांवरची देशव्यापी शिष्यवृत्ती, मिळेल का? नाही तर एसएटीला किती आणले म्हणजे कॉलेजची फी कमी होईल? तुम्ही अजून एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, त्याची आडकाठी येईल का? मिस्टरांची बदली टेक्सासात डॅलसला होण्याचं घाटतंय, त्यानं काही बिघडेल का? आणि गणिताचा महागडा क्लास लावलाय, तो सुरू ठेवावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सोपं आहे, म्हणून आधी तेच सांगते. गणिताचा क्लास बंद करा.

कारण असं. नॅशनल मेरिटवाले 1520 पैकी किती पडले हे बघतच नाहीत. ते सिलेक्शन इंडेक्स बघतात. वाचन-लेखनाचे गुण दुप्पट करायचे, त्यात गणिताचे मिळवायचे आणि दहानं भागायचं. प्रत्येक विभाग 760 चा, म्हणून इंडेक्स जास्तीत जास्त 228. तुमच्या मुलीचे 1360 अधिक 750, म्हणजे 2110, इंडेक्स 211. आता समजा क्लासचं सार्थक झालं आणि गणितात पैकीच्या पैकी पडले, तर इंडेक्स होईल 212. वर्षभराच्या फीच्या मोबदल्यात एक अंक! उलट गणित आहे तिथंच ठेवून वाचन-लेखन 680 वरून 740 वर नेलं, तर इंडेक्स 223.

हे इतकं लख्ख असूनही आपल्या घरांतून पैसा आणि शनिवार-रविवार दोन्ही गणितावरच खर्च होतात. त्याची कारणं मला कळतात. गणित आपल्याला स्वतःला शिकवता येतं, तपासता येतं, चूक कुठं झाली ते दाखवता येतं. इंग्रजीच्या बाबतीत आपण म्हणतो, मूल इथंच जन्मलंय, घरीसुद्धा आपल्याशी इंग्रजीतच बोलतं, त्याला इंग्रजीचा क्लास कशाला? पण परीक्षेत बोलण्याचं इंग्रजी विचारत नाहीत. दोन मुलांना 1480 च पडलेत असं धरा. एकाचे वाचन-लेखनात 720 आणि गणितात 760, दुसऱ्याचे बरोबर उलटे. पहिल्याचा इंडेक्स 220, दुसऱ्याचा 224. टेक्सासात निवडीची रेषा, म्हणजे कटऑफ, 222 असला की यातला एक आत आणि दुसरा बाहेर राहतो.

आता कटऑफकडे येऊ. नॅशनल मेरिटच्या सेमीफायनलिस्टची, म्हणजे पहिल्या चाळणीतून निवडलेल्या मुलांची, संख्या देशभरात सोळा हजारांच्या आसपास असते. ती राज्यांत वाटली जाते ती त्या त्या राज्यात बारावी पास होणाऱ्या मुलांच्या प्रमाणात. म्हणजे प्रत्येक राज्याचा कोटा ठरलेला असतो आणि तो वरून भरत यायचा. कोटा जिथं संपतो तो कटऑफ. मुंबई-पुण्यातल्या अकरावी प्रवेशाच्या याद्या आठवा. ज्या टक्क्यांवर एखाद्या तालुक्याच्या गावी हवं ते कॉलेज मिळतं, त्याच टक्क्यांवर पुण्यात दुसऱ्या यादीची वाट बघावी लागते. इथंही तसंच आहे. कटऑफवरून मुलीची हुशारी कळत नाही, तिच्या राज्यात आणखी कोण कोण बसलंय ते कळतं. न्यू जर्सीतल्या एडिसन, वेस्ट विंडसर, प्लेन्सबरोची मुलं एकमेकांशीच लढत असतात.

2026 साली पदवीधर होणाऱ्या बॅचचे निकाल सप्टेंबर 2025 मध्ये लागले. त्यात न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्सला 225 लागले, कॅलिफोर्नियाला 224, टेक्सासला 222. सगळ्यात खालच्या राज्यांत 210 च्या आसपास काम झालं. त्याच्या दोनच वर्षं आधी न्यू जर्सीचा आकडा 223 होता आणि टेक्सासचा 219. म्हणून मागच्या वर्षीचा कटऑफ हे लक्ष्य धरू नका, त्याच्या वर दोन अंक धरा.

तुमच्या मुलीपुरतं हे मांडून बघू. गणितात पूर्ण 760 पडले असं गृहीत धरलं, तरी न्यू जर्सीत 225 साठी वाचन-लेखनात 740 पुरत नाहीत (इंडेक्स 224 होतो). 750 लागतात. याचा अर्थ तिथं चुकायला जागाच नाही. त्या टोकाला एखादं उत्तर चुकलं की दहा-वीस गुण जाऊ शकतात, आणि ते दुप्पट होऊन इंडेक्समधून दोन ते चार अंक कमी होतात. टेक्सासात त्याच गणितावर 730 पुरले असते. फरक छोटा दिसतो, पण 730 आणि 750 यांच्यात बऱ्याच मुलांची एका वर्षाची मेहनत असते.

मग काय करायचं? वाचन-लेखनाच्या विभागात 54 प्रश्न आणि 64 मिनिटं असतात. उतारे छोटे, प्रत्येकी 25 ते 150 शब्दांचे, आणि एका उताऱ्यावर एकच प्रश्न. पहिल्या भागात कशी उत्तरं दिली यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड ते ठरतं, म्हणून पहिल्या भागात घाई करून चालत नाही. साधारण चौथा हिस्सा निव्वळ व्याकरणाचा असतो: सेमीकोलन कुठं, कोलन कुठं, कर्ता-क्रियापद जुळतात का. हे नियम मोजके आहेत आणि दोन महिन्यांत पक्के होतात. 680 वाल्या मुलांचे बरेच गुण इथंच गेलेले असतात आणि आईवडिलांना त्याचा पत्ताही नसतो. राहिलेले गुण एकोणिसाव्या शतकातल्या गद्यावर, कवितेवर आणि ‘या माहितीवरून कोणता निष्कर्ष निघतो’ छापाच्या प्रश्नांवर जातात. त्यांना शॉर्टकट नाही. रोज अर्धा तास जुनं, जड, कंटाळवाणं वाटणारं इंग्रजी वाचायचं. तिला आवडणाऱ्या फँटसीच्या जाडजूड मालिका यात धरू नका. त्यांनी वाचनाचा वेग वाढतो, पण परीक्षेत तिथं गुण अडत नाहीत. सराव परीक्षा ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवरच द्यायच्या, त्या फुकट आहेत. प्रत्येक परीक्षेनंतर चुकलेल्या उत्तरांची वही ठेवायची. गणिताला आता ॲपमध्येच डेस्मॉस कॅल्क्युलेटर असतो. तिथं 750 वाल्या मुलीला आठवड्याला एक तास पुरे.

एक दिलाशाची गोष्ट. दहावीत दिलेली पीएसएटी नॅशनल मेरिटला धरतच नाहीत. आठवी-नववीची पीएसएटी 8/9 आणि पीएसएटी 10 याही नाहीत. चार वर्षांत हायस्कूल संपवणाऱ्या मुलांसाठी अकरावीच्या ऑक्टोबरमधली एकच परीक्षा चालते. म्हणजे 1430 नॅशनल मेरिटच्या हिशेबात धरलेलेच नाहीत आणि पुढचं अख्खं वर्ष हाताशी आहे. ती एक परीक्षा आजारपणामुळे हुकली तर अकरावीच्या वसंतात नॅशनल मेरिटकडे लिहून एसएटीच्या गुणांवर प्रवेश मागता येतो. हे बऱ्याच शाळांच्या कौन्सिलरनाही चटकन आठवत नाही, तेव्हा तुम्ही लक्षात ठेवा.

व्हिसाचं. नॅशनल मेरिटसाठी अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकत असणं पुरेसं आहे, तिथं नागरिकत्व विचारत नाहीत. पूर्वी नियम वेगळा होता, म्हणून ‘ग्रीनकार्डशिवाय मिळत नाही’ असं सांगणारे काका-काकू महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात भेटतील. त्यांची माहिती जुनी आहे. नागरिकत्वाची अट आता परदेशात शिकणाऱ्या मुलांना लागते. अमेरिकन नागरिक असलेलं मूल घेऊन पुण्याला परतलेली कुटुंबं मला नेहमी विचारतात, त्यांच्यासाठीही एक ओळ: तिकडच्या शाळेतून पीएसएटी देता येते, पण परदेशातल्या मुलांना देशातल्या सर्वांत वरच्या राज्याचा कटऑफ लागतो.

राज्य सरकारांच्या शिष्यवृत्त्यांचं मात्र उलट आहे. तिथं बहुतेक ठिकाणी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असावं लागतं आणि एच-4 (एच-1बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरचं मूल, वर्षानुवर्षं त्याच राज्यात राहूनही, बाहेर राहतं. हा अन्याय आहे असं माझं स्वच्छ मत आहे, पण फॉर्म भरताना मत उपयोगी पडत नाही. कॉलेजांच्या स्वतःच्या गुणवत्ता शिष्यवृत्त्या बऱ्याचदा व्हिसा न बघता मिळतात, पण प्रत्येक ठिकाणी ‘एच-4 विद्यार्थिनी पात्र आहे का’ हे ईमेलनं विचारून लेखी उत्तर घ्या. फोनवर मिळालेलं ‘येस, आय थिंक सो’ एप्रिलमध्ये कामाला येत नाही. आणि मुलगी 21 वर्षांची होईपर्यंत ग्रीनकार्ड आलं नाही तर तिला एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल. तेव्हा शिष्यवृत्ती आणि फीचा दर तसाच राहील का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

आता पैशाचं बोलू, कारण कटऑफच्या नादात ते बाजूलाच राहतं. नॅशनल मेरिटची स्वतःची शिष्यवृत्ती किती? एकदाच मिळणारे 2,500 डॉलर. सोळा हजार सेमीफायनलिस्टपैकी अर्ज, निबंध, शाळेची शिफारस, गुणपत्रक आणि साजेसे एसएटी किंवा एसीटीचे (तशीच दुसरी प्रवेशपरीक्षा) गुण देऊन पंधरा हजारांहून जास्त फायनलिस्ट होतात. त्यातल्या निम्म्याहून कमी मुलांना प्रत्यक्ष पैसे मिळतात. काहींना हे 2,500, काहींना आईवडिलांच्या कंपनीकडून, काहींना कॉलेजकडून. कॉलेजकडून नॅशनल मेरिटच्या नावानं येणारी रक्कम वर्षाला 500 ते 2,000 डॉलर. यासाठी मुलीचं दहावी-अकरावीचं वर्ष जाळायचं का?

जाळायचं असेल तर कारण वेगळं हवं. काही विद्यापीठं फायनलिस्टना आपल्याकडे ओढायला स्वतःच्या खिशातून मोठं पॅकेज देतात. युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा ट्यूशन आणि चार वर्षं कॅम्पसवर राहणं देत आली आहे. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास ॲट डॅलस, ओक्लाहोमा आणि टल्सा ही आणखी नावं. फ्लोरिडात नॅशनल मेरिटची शिष्यवृत्ती मिळालेल्या तिथल्या रहिवासी मुलांना राज्याची बेनाक्विस्टो शिष्यवृत्ती आहे, ती सरकारी विद्यापीठाचा जवळजवळ सगळा खर्च उचलते. इथं इंडेक्समधल्या एका अंकाची किंमत लाखभर डॉलरच्या घरात जाऊ शकते. पण त्या विद्यापीठात मुलगी जाणार आहे का? तुमच्या घरात ‘ड्रीम स्कूल’ म्हणून प्रिन्स्टनचं नाव निघत असेल, तर ते ज्यात मोडतं त्या आयव्ही लीगमध्ये गुणवत्तेवर एक डॉलरही मिळत नाही. तिथली मदत फक्त कुटुंबाच्या उत्पन्नावर. स्टॅनफर्ड, एमआयटी यांचंही तेच. यूटी ऑस्टिननं नॅशनल मेरिट पुरस्कृत करणं 2009 मध्येच थांबवलं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) तर एसएटी-एसीटीकडे प्रवेशासाठीही बघत नाही आणि शिष्यवृत्तीसाठीही नाही. बे एरियातले पालक 224 च्या मागे लागलेले असतात आणि मूल शेवटी यूसीला जातं.

तेव्हा आधी कॉलेजांची यादी आणि मग गुणांचं लक्ष्य, असा क्रम ठेवा. आपण बरोबर उलटं करतो.

एसएटीला किती हवेत, या प्रश्नालाही म्हणून एक आकडा नाही. तुमच्याच प्रश्नासारखे प्रश्न टॅम्पा आणि अटलांटाहून येत असतात, तिथली उदाहरणं बघितली की नियम कसे वेगवेगळे असतात ते कळेल. फ्लोरिडाच्या ब्राइट फ्यूचर्समध्ये दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीला 3.5 जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी), एसएटी 1340 च्या आसपास आणि सेवेचे 100 तास, मग सरकारी विद्यापीठाची पूर्ण ट्यूशन. खालच्या पायरीला 3.0, 1210 आणि 75 तास, मग तीन चतुर्थांश. हे गुण हवेतून आलेले नाहीत. कायद्यात वरच्या पायरीला देशातलं 89 वं पर्सेंटाइल आणि खालच्या पायरीला 75 वं बांधून दिलंय, म्हणून आकडा अधूनमधून सरकतो. (सेवेच्या तासांत मंडळाच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवलेलं धरायचं असेल, तर शिकवण्याआधीच शाळेच्या कौन्सिलरची लेखी मंजुरी घ्या. नंतर घेतलेल्या सहीपत्रावर वाद होतात.) फ्लोरिडा वेगवेगळ्या तारखांचे चांगले विभाग एकत्र करून घेतं: मार्चचं गणित आणि जूनचं वाचन-लेखन चालतं. शेजारच्या जॉर्जियात होप शिष्यवृत्तीला परीक्षाच लागत नाही, 3.0 जीपीए पुरतो. त्यावरच्या झेल मिलरला 3.7 आणि एसएटी 1200 लागतात, पण ते 1200 एकाच दिवशी, एकाच बैठकीत पडलेले हवेत. दोन तारखा जोडून 1210 झालेली मुलगी फ्लोरिडात पात्र, जॉर्जियात नाही.

न्यू जर्सीत असं काही नाही. एनजे स्टार्स आहे, ती वर्गातल्या वरच्या 15 टक्क्यांना काउंटी कॉलेजची (स्थानिक, दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) ट्यूशन देते आणि तिला एसएटी लागत नाही. आपल्याकडे काउंटी कॉलेज म्हटलं की नाकं मुरडतात, म्हणून पुढं बोलत नाही.

तुमच्या मुलीसाठी एसएटीचा खरा उपयोग कॉलेजांच्या स्वयंचलित शिष्यवृत्त्यांत आहे. अशा विद्यापीठांच्या संकेतस्थळावर तक्ता असतो: इतका जीपीए, इतके गुण, इतके डॉलर. मुलाखत नाही, निबंध नाही. अलाबामात 4.0 जीपीएला 1600 एसएटी किंवा 36 एसीटी पडले तर तेवढ्यावर तक्त्यातली सगळ्यात वरची शिष्यवृत्ती मिळते. खालच्या ओळींतही चांगली रक्कम असते. ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षाचाच तक्ता बघा. या ओळींत 1390 आणि 1400 मध्ये हजारो डॉलरचा फरक पडू शकतो, म्हणून अशा वेळी ‘पुन्हा परीक्षा कशाला’ म्हणू नये. 1540 चे 1560 करायला तिसऱ्यांदा बसवणाऱ्या पालकांना मात्र मी परत पाठवते.

यातला एक सापळा सांगते. 2020 नंतर बऱ्याच कॉलेजांनी ‘टेस्ट ऑप्शनल’ धोरण घेतलं. मुलांना वाटतं, गुण पाठवले नाहीत तरी चालतात. प्रवेशाला चालतात, पण त्याच कॉलेजची मोठी शिष्यवृत्ती कित्येकदा गुण असल्याशिवाय मिळत नाही. हे प्रवेशाच्या पानावर नसतं, फायनान्शियल एडच्या पानावर तळाशी असतं.

आणि शिष्यवृत्ती मिळणं वेगळं, टिकणं वेगळं. ब्राइट फ्यूचर्सच्या वरच्या पायरीला कॉलेजमध्ये 3.0 जीपीए टिकवावा लागतो, झेल मिलरला 3.3. कॉलेजांच्या पॅकेजांनाही अशाच अटी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस आणि फिजिक्स एकत्र आले की 4.0 वाल्या मुलांचेही 3.1 होतात. कमी रकमेची पण 2.75 वर टिकणारी शिष्यवृत्ती कधीकधी मोठ्या रकमेपेक्षा बरी पडते. तुलना पहिल्या वर्षाच्या आकड्यावर करू नका, चार वर्षांच्या बेरजेवर करा. राहण्या-खाण्यासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या रकमेवर मुलीला कर लागू शकतो, तोही त्यात धरा.

डॅलसचं. पीएसएटी देताना मुलगी ज्या शाळेत शिकत असते, त्या शाळेचं राज्य धरलं जातं. घराचा पत्ता बघत नाहीत. म्हणून अकरावीच्या ऑगस्टआधी तुम्ही तिकडं गेलात तर टेक्सासचा कटऑफ, आणि ऑक्टोबरनंतर गेलात तर न्यू जर्सीचाच. तीन-चार अंकांसाठी बदली आधी करून घ्यावी का, असं तुमच्या प्रश्नात आडून आलंय. नको. अकरावीत शाळा बदललेल्या मुलीला नवे शिक्षक शिफारसपत्र लिहिण्याइतपत ओळखत नाहीत, विषयांची सांगड बसत नाही, वर्गातला क्रमांक पुन्हा मांडला जातो. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत वर्गातल्या क्रमांकाला मोठं वजन आहे, त्यामुळे तिथं या शेवटच्या गोष्टीचा फटका जास्त बसतो. बदली झालीच तर मात्र जुलैतच हला, नाताळची वाट बघू नका.

वेळापत्रक असं ठेवा. आतापासून मेपर्यंत व्याकरण आणि रोजचं वाचन. जूनमध्ये ब्लूबुकवर पूर्ण सराव परीक्षा. ऑगस्टची एसएटी खरी म्हणून द्यायची. तिचा सराव ऑक्टोबरच्या पीएसएटीला जसाच्या तसा कामाला येतो, कारण प्रश्नांचा साचा एकच आहे. ऑगस्टला वाचन-लेखन 700 च्या खाली राहिलं, तर न्यू जर्सीच्या कटऑफचा नाद सोडून द्यायचा आणि सगळा जोर स्वयंचलित शिष्यवृत्त्यांच्या तक्त्यातल्या पुढच्या ओळीवर लावायचा.

आणि या आठवड्यात मिस्टरांना एक काम सांगा. त्यांच्या कंपनीच्या एचआरला विचारायचं की कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी नॅशनल मेरिटमार्फत शिष्यवृत्ती आहे का. मोठ्या औषध, विमा आणि तंत्रज्ञान कंपन्यांत ती असू शकते. काही कंपन्या फायनलिस्ट न झालेल्या, पण त्याखालोखाल गुण असलेल्या मुलांनाही देतात. तिथं कटऑफ न्यू जर्सीचा नसतो, स्पर्धा फक्त सहकाऱ्यांच्या मुलांशी असते. फॉर्म बहुतेक वेळा मूल अकरावीत असतानाच भरायचा असतो, आणि तो कर्मचाऱ्यानं भरायचा असतो, मुलीनं नाही. नोकरी बदलायचा विचार असेल तर फॉर्म भरताना कंपनीत असणं पुरतं की निकालापर्यंत राहावं लागतं, तेही त्याच वेळी विचारून घ्या.